खणांचे घर

घर केवढे आहे, या प्रश्नाला आमच्या खानदेशात फुटांत किंवा वारांत उत्तर देण्याची रीत नव्हती. "नऊ खणांचे" एवढे म्हटले, की घरधन्याची ऐपत, घरातील माणसांची संख्या आणि लग्नात एका वेळी किती पाने मांडता येतील, हे सारे ऐकणाऱ्यास एकदम उमगे. दोन तुळयांमधील अंतर म्हणजे एक खण. आमच्या घरी तो साडेपाच फुटांचा होता. कोठे पाच फुटांचा असे, कोठे सहाचा. धाब्याची माती, तिच्यावर साचणारा पाऊस आणि उन्हाळ्याच्या रात्री वर निजणारी माणसे, एवढा भार न वाकता तोलील इतकीच कडीची लांबी, आणि कडीची लांबी तोच खण. हे माप कोणा सरकारने ठरविले नव्हते. सागाच्या अंगच्या बळाने ते ठरविले होते.

सुरतेत, नवागाम-दिंडोलीच्या बाजूस, उधना-जळगाव लोहमार्गाने येऊन वसलेली आमच्यासारखी खानदेशी कुटुंबे पुष्कळ आहेत. यंत्रमागांनी त्यांना येथे आणले आणि मुलाबाळांनी येथे ठेवून घेतले. येथे जमीन वारावर विकली जाते, घर चौरस फुटांवर. आमच्या नातवंडांना खण म्हटला की चोळीचा आठवतो. शब्द गेला तर गेला, त्याचे एवढे काय, असे कोणी म्हणेल. आम्हीही तसे म्हटले असते. परंतु हा शब्द अमेरिकेत, अगदी अनपेक्षित रीतीने, आमच्यासमोर पुन्हा उभा राहिला.

काही वर्षांपूर्वी आम्ही न्यू जर्सीस पुतण्याकडे गेलो असता त्याच्या नव्या घराचे काम चालू होते. पाया तयार होता. बाकी मोकळे मैदान. एके सकाळी एका लांबलचक मोटारगाडीतून छपराच्या कैच्या आल्या, एकीवर एक निजविलेल्या, पापडांच्या चळतीसारख्या. भिंतींचे सांगाडे जमिनीवर आडवे जोडलेले होते. ते माणसांनी हातांनी उचलून उभे केले. मग क्रेनने एकेक कैची वर चढविली. दुसऱ्या दिवशी सायंकाळी आम्ही फिरावयास गेलो, तेव्हा जेथे आकाश होते तेथे छप्पर होते. आम्ही भिंतीच्या एका उभ्या काठीवर बोटाने टिचकी मारून पाहिली. खांब म्हणावा तर तो नव्हता. आमच्याकडे असल्या काठ्या भाजीच्या मांडवाला लावतात. पुतण्या हसून म्हणाला, "काका, घाबरू नका. इकडे सगळ्यांची घरे अशीच असतात." आम्ही विचारले, "मिस्त्री कोण आहे तुझा?" तो म्हणाला, "मिस्त्री नाही काका. नकाशा कारखान्यात पाठवायचा. तिथे यंत्रच मापे काढते, कापते आणि जोडूनही देते."

त्या काठ्या सोळा सोळा इंचांवर उभ्या होत्या. आम्ही पावलांनी मोजल्या, मग पुतण्याच्या टेपने. सोळा त्रिक अठ्ठेचाळीस, म्हणजे चार फूट. आणि भिंतीवर ठोकावयाचा तक्ता बरोबर चार फूट रुंद, आठ फूट लांब. तक्त्याची कड जेथे यावी तेथे काठी उभी असतेच. हा त्यांचा खण! आमच्या साडेपाच फुटांच्या ठिकाणी सोळा इंच, एवढाच काय तो फरक, असे त्या क्षणी आम्हांस वाटून गेले. (जाता जाता एक गंमत: ज्या काठीस तेथे 'दोन बाय चार' म्हणतात, तिचे खरे माप दीड इंच बाय साडेतीन इंच असते. रंधून, वाळवून ती आटते, हे कारण खरेच आहे. पण नाव मात्र न आटलेलेच चालू राहिले. व्यापार कोणत्याही देशी व्यापारच.)

खानदेशातील घर कसे उभे राही, ते आम्ही वडिलांच्या तोंडून ऐकले आहे. घर बांधावयाचे ठरले म्हणजे सुतार आधी घराच्या जागेवर येतच नसे. खळ्याच्या कडेला चिंचेखाली त्याचा दोन-तीन महिने मुक्काम पडे. खांब, तुळया, हस्त, कड्या, चौकटी, एकूण एक लाकूड तेथेच वाकसाने तासले जाई, रंध्याने गुळगुळीत होई. एका लाकडास कूस, दुसऱ्यास तिच्या मापाचे भोक, आणि दोहोंना आरपार बांधणारी खुंटी. जमिनीवरच जोडून पाहावयाचे, पुन्हा सोडवावयाचे, आणि प्रत्येक जोडावर पटाशीने खूण करावयाची: एक रेघ, दोन रेघा, काटकोनात रेघ, कोंबडीचा पाय. सारे तयार झाल्यावर मुहूर्त पाहून पहिला खांब रोवावयाचा. हीच 'मुहूर्तमेढ'; हा शब्द आपण आता सभासंमेलनांत वापरतो. मग गावची वीस-पंचवीस माणसे, सोल आणि टेकू. दिवस मावळण्याच्या आत सांगाडा उभा. दुसरीकडे बनविलेले सुटे भाग आणून जागेवर जुळविणे, हीच ती गोष्ट. अमेरिकेने ती शोधून काढली असे म्हणता येणार नाही. तिने तिचा कारखाना केला.

तो कसा झाला, ही हकीकत मोठी वाचनीय आहे. युरोपातून तेथे गेलेले लोक प्रथम आपल्यासारखीच घरे बांधीत; जाड वासे, कूस आणि खुंटी, वासे उभे करण्यासाठी शेजारपाजाऱ्यांची मदत. त्यांचे सुतारही जोडांवर रोमन आकड्यांच्या खुणा करीत. पुढे शिकागो हे गाव दलदलीतून वर येऊ लागले. माणसे दररोज येत, कसबी सुतार मिळत नसे, लाकूड मात्र मिशिगन सरोवरातून वाटेल तेवढे येई; आणि यंत्राने कापलेले खिळे आता स्वस्त झाले होते. १८३० नंतरच्या दशकात तेथे बारीक बारीक काठ्या जवळजवळ उभ्या करून केवळ खिळ्यांनी ठोकलेली घरे दिसू लागली. या पद्धतीचे जनकत्व कोणी जॉर्ज स्नो यांस देतात, तर कोणी १८३३ साली सेंट मेरीचे चर्च बांधणाऱ्या ऑगस्टिन टेलर यांस. इतिहासकार आता तितके निःशंक राहिलेले नाहीत. जुन्या सुतारांनी थट्टेने तिला 'फुग्याचा सांगाडा' म्हटले, असे सांगतात: वारा आला की उडून जाईल! घरे उडाली नाहीत. जळाली मात्र. १८७१ च्या ऑक्टोबरात शिकागोत लागलेल्या आगीत सतरा हजारांहून अधिक इमारती भस्म झाल्या आणि सुमारे एक लाख लोक उघड्यावर आले.

सुरतेच्या माणसास ही बातमी परकी वाटत नाही. १८३७ च्या एप्रिलात या शहरात आग लागली ती दुसऱ्या दिवसापर्यंत पेटत राहिली आणि नऊ हजारांवर घरे तीत गेली. कोरीव खिडक्या, लाकडी पुढावे, सागाचे माडीवर माडी चढविलेले वाडे. त्याच वर्षी पावसाळ्यात तापीला पूर आला. आधीच उतरणीला लागलेल्या सुरतेतून कितीतरी घराणी मुंबईस गेली ती याच सुमारास. जुन्या सुरतेत आज जे लाकूडकाम आढळते, त्यातले बहुतेक आगीनंतरचे आहे. राखेवर माणसांनी पुन्हा लाकडाचीच घरे बांधली. शिकागोनेही, शहराच्या मध्यभागी कायद्याने मनाई होईपर्यंत, तेच केले. इतकेच नव्हे, तर आगीनंतर बेघरांना मोजून-मापून दिलेल्या लाकूडसामानातून तेथे हजारो छोटी घरे उभी राहिली.

यापुढचे पाऊल टपालाचे आहे. १९०६ साली मिशिगनमधील बे सिटी येथे अॅलॅडिन नावाच्या कंपनीने आधीच कापलेल्या लाकडांचे संपूर्ण घर विकावयास काढले. १९०८ साली शिकागोच्या सिअर्स रोबक कंपनीने घरांचे निराळे सूचिपत्र प्रसिद्ध केले. तीत कापड, शिवणयंत्रे आणि बैलगाडीची चाके विकणाऱ्या दुकानाच्याच थाटात घरे मांडलेली. किमती ३६० डॉलरपासून पुढे. गिऱ्हाइकाने पानावर बोट ठेवावयाचे, पैसे पाठवावयाचे, आणि काही आठवड्यांनी आगगाडीच्या डब्यातून त्याचे घर यावयाचे. सुमारे ३०,००० तुकडे, लाकडांवर आकडे, सोबत पुस्तिका. १९४० पर्यंत अशी सत्तर हजारांच्या आसपास घरे या एका कंपनीने विकली. मंदीच्या काळात कर्जाचे हप्ते थकले, कंपनीस ज्यांना घरे विकली त्यांच्याच घरांवर जप्ती आणण्याची पाळी आली, आणि धंदा बसला. पण हे ध्यानात घ्यावे, की सूचिपत्र गिऱ्हाइकाचा चेहरा पाहत नाही. ज्या कृष्णवर्णीयांस गावचा ठेकेदार दारात उभा करीत नसे, त्यांनाही टपालाने घर मागविता येई. याउलट महायुद्धानंतर न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाउन उभे राहिले, १९४७ ते १९५१ या चार वर्षांत सतरा हजारांवर घरे, लाकूड आधीच कापून आणलेले, कामगारांच्या टोळ्या घरामागून घर करीत जाणाऱ्या. या घरांच्या करारात गोऱ्यांखेरीज इतरांस राहू न देण्याची अट होती. तुकडे तेच, आकडे तेच. अट माणसाने घातली.

कैच्यांचे यंत्र याहून अलीकडचे. फ्लोरिडात कॅरल सॅनफर्ड यांनी १९५२ साली लाकडे जोडण्याचा लोखंडी पत्रा काढला. १९५५ च्या सुमारास कॅल्व्हिन ज्युरेट यांनी त्याच राज्यात असा पत्रा बनविला, की ज्याच्या अंगातूनच शेकडो दात काढलेले होते. दोन लाकडे टोकाला टोक लावून ठेवावयाची, दोन्ही बाजूंनी हा दातांचा पत्रा, आणि वरून दाब. खिळा नको, कूस नको, सुतारही नको. आज तेथील बहुसंख्य नव्या घरांच्या छपरांखाली हेच दात आहेत. १९६९ पासून तुळईचीही जागा कारखान्यातील तुळईने घेतली: वर-खाली दोन पट्ट्या, मध्ये पातळ तक्ता, आडवा छेद इंग्रजी 'आय' अक्षरासारखा.

आपल्या देवस्थानांच्या वाचकांस या सुट्या तुकड्यांच्या शास्त्राचे फारसे नवल वाटू नये. पुरीस जगन्नाथ, बलभद्र आणि सुभद्रा यांचे तीन रथ दर वर्षी नवे घडवितात. परंपरेने नंदिघोषास ८३२ लाकडे, तालध्वजास ७६३, दर्पदलनास ५९३. चाके अनुक्रमे १६, १४ आणि १२. कागदावर नकाशा नाही. माप हाताचे आणि सुतारांच्या घराण्यांच्या स्मरणातले. यात्रा संपली की रथ सोडवितात. दक्षिण कानड्यातील देवळांच्या मोठ्या रथांचा वरचा डोलारा उत्सवापुरता बांधतात व नंतर उतरवून ठेवतात, हे आपल्या कोकणी वाचकांस आम्ही काय सांगावे! आणि गोमंतकात चतुर्थीस गणपतीवर टांगावयाची माटोळीची चौकट? तीही वर्षभर माळ्यावर असते आणि त्या दिवशी खाली येते. गोष्ट तीच, मात्र हेतू निराळा. तेथे लाकूड परत सुटावे म्हणूनच जोडलेले असते.

न्यूयॉर्कला गेलो तेव्हा पुतण्यास आम्ही एका घरासमोर मुद्दाम नेले. पूर्व दहाव्या रस्त्यावरचे सात क्रमांकाचे घर. विटांच्या साध्या रांगेत त्याची पुढे आलेली खिडकी सागवानी आहे, आणि तिच्यावरील वेलबुट्टी पाहून गुजराथेत राहिलेला कोणीही थबकेल. लॉकवुड डी फॉरेस्ट नावाचा चित्रकार १८८१ साली हिंदुस्थानात आला, अहमदाबादच्या मगनभाई हठीसिंग यांच्याशी त्याची गाठ पडली, आणि दोघांनी अहमदाबादेस कोरीवकामाचा कारखाना काढला. पोळांतील घरांवरचे आणि मशिदींच्या जाळ्यांतले नमुने पाहून तेथील कारागीर फळ्या, कंस, चौकटी कोरीत. त्या जहाजाने अमेरिकेस जात आणि तेथील धनिकांच्या दालनांत बसविल्या जात. हे घर डी फॉरेस्टने १८८७ च्या सुमारास स्वतःसाठी बांधले. पोलादसम्राट कार्नेगीच्या प्रासादातील एक दालनही त्याने असेच सजविले. म्हणजे सिअर्सचे सूचिपत्र निघण्याच्या वीस वर्षे आधी घराचे तयार लाकडी भाग समुद्र ओलांडीत होते, आणि ते साबरमतीकडून हडसनकडे जात होते! पुतण्या बराच वेळ वर पाहत राहिला. मग म्हणाला, "काका, हे करणाऱ्यांची नावे कुठे आहेत?" डी फॉरेस्टचे नाव आहे, मगनभाईंचे आहे. मिस्त्रींची नावे खिडकीवर नाहीत.

मग चांगले कोणते, असे पुतण्याने आम्हांस परतीच्या वाटेवर सरळच विचारले. आम्ही त्यास जे सांगितले ते असे. आमच्या नऊ खणांच्या घराचे पोवाडे गाताना एक गोष्ट सांगितली पाहिजे: साग सर्वांच्या नशिबी नव्हता. त्याच गावात निंबाच्या वाकड्या खांबांची, बाभळीच्या कड्यांची आणि कुडाच्या भिंतींची घरे अधिक होती, आणि त्यांत राहणारे लोक आमच्या घराची मुहूर्तमेढ रोवताना सोल ओढावयास येत. अमेरिकेच्या काठीने कारकुनाला, शाळामास्तराला, गिरणीतल्या मजुराला घर दिले. हे लहान काम नव्हे. परंतु त्या कैचीतील एकही लाकूड घरधन्याला कापता येत नाही. कापले तर सबंध छप्पर धोक्यात येते, म्हणून तशी सूचनाच तिच्यावर लिहिलेली असते. घराला आग लागली तर ही बारीक लाकडे आणि पत्र्याचे दात जाड तुळईपेक्षा फार लवकर सोडतात; तिकडचे अग्निशामक दलाचे लोक या गोष्टीस भितात. १९९२ साली फ्लोरिडात अँड्र्यू वादळात कित्येक छपरे गेली, ती कैच्या कमकुवत म्हणून नव्हे, तर त्यांना परस्परांशी आवळणारे आडवे बंध कंत्राटदारांनी नीट लावले नव्हते म्हणून. आणि एकदा दात रुतले की लाकूड पुन्हा सुटत नाही, चिरफाळते. ते घर पाडता येते, सोडविता येत नाही.

अरण्याच्या बाबतीत मात्र दोघांपैकी कोणी कोणास नावे ठेवू नयेत. मिशिगन-विस्कॉन्सिनमधील पांढऱ्या पाइनची अफाट राने एकोणिसावे शतक संपेपर्यंत बहुतेक तुटली. आमचा साग आला सातपुड्यातून आणि डांगातून. डांगच्या भिल्ल राजांकडून इंग्रजांनी १८४२ साली जंगल पट्ट्याने घेतले. त्या राजांच्या वारसांना आहव्याच्या डांग दरबारात आजही वार्षिक मानधन मिळते, साग मात्र गेला. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानाने बिलिमोरा ते वघई अशी अरुंद रुळांची आगगाडी काढली, तिचे मोठे काम सागाचे ओंडके खाली आणणे हे होते. ज्यांच्या अंगणात हा साग वाढला, त्यांच्या झोपड्या बांबूच्या राहिल्या. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशाने देशभर वृक्षतोडीवर बंधने आली, आणि सरकारी इमारतींतून लाकूड त्याच्या आधीच हद्दपार होऊ लागले होते. तेव्हा नऊ खणांचे नवे घर आता कोणी बांधणार नाही. जुन्याचे काय करावयाचे, एवढाच प्रश्न उरतो. आणि तो आमच्या दारी येऊन उभा राहिला होता.

आण्णा, म्हणजे आमचे थोरले बंधू, गेल्यावर गावचे घर बंद पडले. धाब्यावर माती टाकणारा कोणी नाही. तीन पावसाळ्यांत कडांना ओल धरली. जुन्या लाकडाचा व्यापारी येऊन गेला. त्याने घनफुटावर भाव सांगितला, आणि तो भाव वाईट नव्हता. धाकट्या पिढीचे म्हणणे, की विकून पैसे वाटून घ्यावे. अक्का म्हणाली, "माझ्या लग्नात मी ज्या खांबाला टेकून रडले, तो खांब घनफुटावर जाणार का?" यावर काय बोलावे? व्यापाऱ्याचे म्हणणेही खोटे नव्हते. त्याच्या वखारीत गेलेल्या तुळया चिरून सुरतेत आणि मुंबईत मेजे, झोपाळे आणि हॉटेलांचे दरवाजे होतात. लाकूड वाया जात नाही. केवळ ते कोणत्या घराचे होते, हे नाहीसे होते.

अखेर गावात ऐंशीच्या घरातले एक सुतारबाबा होते, त्यांना बोलाविले. ते खाटेवर बसून राहिले आणि नातवाला नुसते सांगत गेले: प्रथम पूर्वेची कडी, मग तिची जोडीदार, मग खुंटी मागून ठोक, पुढून नको. मोगरीच्या चार घावांत खुंट्या बाहेर येत. काहींवर अजून तेलाचा काळसर हात होता. घर तीन दिवसांत सुटले. एकही लाकूड करवतीने कापावे लागले नाही. पटाशीच्या खुणा सुतारबाबांनी धुऊन घेतल्या आणि खडूने गिरविल्या. नऊ खणांपैकी तीन खण एका भाच्याने आपल्या मळ्यात नेऊन उभे केले आहेत. वर पत्रा आहे, पण खांब-तुळया त्याच जागच्या त्याच. चार खांब आणि माजघराची मोठी तुळई गावच्या विठ्ठलमंदिरास सभामंडपाच्या दुरुस्तीकरिता दिली. अक्काचा खांब त्यांत आहे. दोन खणांचे लाकूड व्यापाऱ्याने नेले, कारण सोडविण्याची मजुरी आणि गाडीभाडे कोठून तरी द्यावयाचेच होते.

उरलेल्या खणांच्या कड्या नवागामात आमच्या गच्चीवर ताडपत्रीखाली ठेवल्या आहेत. पुतण्याने फोनवरून त्यांची मापे विचारून घेतली. तुळई तिकडे नेता येईल का, याची त्याने चौकशी केली. भाडे ऐकून तो गप्प झाला आणि मग त्याने खुणांची छायाचित्रे मागविली. आम्ही ती काढून पाठविली: एक रेघ, दोन रेघा, कोंबडीचा पाय. तिसऱ्या कडीवर तीन रेघा आणि त्यांवर एक आडवी आहे. ती ज्या तुळईत बसे, ती तुळई आता देवळात आहे.